झडतीच्या यंत्राची झडती

विमानतळ, कोर्ट, मंत्रालय, मॉल, क्रिकेटचे मैदान, कोठेही जायचे म्हटले की आज दोन्ही हात पसरून उभे राहावे लागते. समोरचा शिपाई हातातले काळे, फळीसारखे यंत्र आपल्या अंगावरून फिरवतो. ते वाजले तर खिसे रिकामे करायचे, न वाजले तर पुढे सरकायचे. ८ सप्टेंबर २००६ रोजी शब-ए-बारातच्या दिवशी मालेगावात, १८ मे २००७ रोजी हैदराबादच्या मक्का मशिदीत आणि त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला ऐन रमजानमध्ये अजमेरच्या दर्ग्यात स्फोट झाले. त्यानंतर मोठ्या मशिदींच्या आणि दर्ग्यांच्या दारातही मेटल डिटेक्टर दिसू लागले. उरूस कमिटीच्या खर्चाच्या यादीत मंडप, वीज, लंगर यांच्या जोडीला हे यंत्रही आले.

हे यंत्र आपल्याबद्दल दोन-चार सेकंदांत निकाल देते. त्या यंत्राबद्दलचा निकाल कोण देतो? ते खरे बोलते की खोटे, हे कोणी आणि कसे ठरवले? हा प्रश्न अनेकांना किरकोळ वाटेल. परंतु हा प्रश्न वेळेवर न विचारल्यामुळे बगदादमध्ये माणसे मेली आणि थायलंडच्या दक्षिणेकडील मुस्लिमबहुल प्रांतांत बेकसूर लोकांवर शक घेतला गेला. म्हणून या यंत्राचा, आणि त्याहून अधिक त्याच्या पारखीचा, इतिहास वाचकांसमोर ठेवावा असे आम्हाला वाटते.

राष्ट्राध्यक्षांच्या अंगातील गोळी

या इतिहासाची सुरुवात एका रुग्णाच्या बिछान्यापाशी होते. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. एक गोळी अंगात राहिली. ती कोठे आहे हे डॉक्टरांना कळेना. क्ष-किरणांचा शोध अजून चौदा वर्षे दूर होता. तेव्हा टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल पुढे आले. डेव्हिड ह्यूजेस या संशोधकाने १८७९ मध्ये 'इंडक्शन बॅलन्स' नावाचे उपकरण तयार केले होते. तारेच्या वेटोळ्यांतून वीज सोडून त्यांचा तोल साधायचा. जवळ धातू आला की तो तोल बिघडतो आणि टेलिफोनच्या कानपट्टीत आवाज येतो, असे त्याचे तत्त्व. बेल यांनी ते सुधारले. अमेरिकेच्या यादवी युद्धातील ज्या जुन्या सैनिकांच्या अंगात गोळ्या राहिल्या होत्या, त्यांच्यावर ते तपासून पाहिले. यंत्र चालत होते.

प्रत्यक्ष राष्ट्राध्यक्षांच्या बिछान्याशी मात्र ते फसले. कारणे दोन होती. गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, त्यामुळे आवाज भलतीकडेच येत होता. आणि मुख्य डॉक्टरांची खात्री होती की गोळी उजव्या बाजूलाच आहे. म्हणून यंत्र फिरवले गेले तेही उजव्या बाजूलाच. १९ सप्टेंबर १८८१ रोजी गारफिल्ड यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला निघाली. त्यांचा जीव घेतला तो गोळीपेक्षा अस्वच्छ बोटांनी आणि हत्यारांनी झालेल्या जंतुसंसर्गाने, असेच पुढील वैद्यकांचे मत आहे.

या पहिल्याच प्रसंगात पुढच्या सगळ्या इतिहासाचे बीज आहे. यंत्र प्रयोगशाळेत चांगले असणे पुरेसे नसते. जेथे ते वापरायचे तेथील परिस्थितीत ते तपासावे लागते. आणि यंत्र धरणाऱ्याने कोठे शोधायचे हे आधीच ठरवून टाकले असेल, तर उत्तम यंत्रही त्याच्या पूर्वग्रहापलीकडे काही दाखवू शकत नाही.

रणांगणातून विमानतळावर

पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या गेरहार्ड फिशर यांना १९३७ मध्ये धातुशोधक यंत्राचे पेटंट मिळाले. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचा एक लष्करी अधिकारी युझेफ कोसात्स्की याने स्कॉटलंडमध्ये असताना, १९४१-४२ च्या हिवाळ्यात, जमिनीतील सुरुंग शोधणारे यंत्र तयार केले. १९४२ च्या अखेरीस इजिप्तमधील अल् अलामैनच्या लढाईत ब्रिटिश फौजांनी ते वापरले. या यंत्राची परीक्षा घेणारा कोणी परीक्षक नव्हता. सुरुंगावर पडणारे पाऊलच ती परीक्षा घेत होते.

शांततेच्या काळात हे यंत्र माणसांच्या अंगावर आले ते विमान अपहरणांमुळे. १९६८ ते १९७२ या पाच वर्षांत अमेरिकेत शंभराहून अधिक वेळा विमाने पळवली गेली किंवा तसा प्रयत्न झाला. प्रत्येक प्रवाशाची झडती घेतली तर लोक विमानात बसायचे सोडून देतील, अशी विमान कंपन्यांना भीती होती. म्हणून एक मधला मार्ग काढण्यात आला. अपहरण करणारा माणूस कसा वागतो याचे एक 'प्रोफाइल' मानसशास्त्रज्ञांच्या मदतीने तयार केले गेले. त्यात जो बसेल त्यालाच मॅग्नेटोमीटर म्हणजे लोखंड हुडकणाऱ्या यंत्रासमोरून जावे लागे. हे प्रोफाइल वागणुकीवर आधारलेले होते. वंशावर किंवा धर्मावर नाही, असे सरकारचे म्हणणे होते.

कागदावर ते तसेच होते. पण १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात न्यायाधीश जॅक वाइनस्टाइन यांच्यासमोर लोपेझ नावाच्या आरोपीचा खटला आला. विमानतळावरील झडतीत हेरॉईन सापडले होते. सुनावणीत असे निघाले की, विमान कंपनीच्या माणसांनी मूळ प्रोफाइलमध्ये आपल्या मनाने बदल केले होते. एक निकष त्यांनी वगळला होता, आणि जे नवे घातले होते त्यांत एक प्रवाशाच्या वंशाशी संबंधित होता. न्यायाधीशांनी ही झडतीची पद्धत तत्त्वतः मान्य केली; परंतु या बदलांमुळे त्या प्रकरणातील पुरावा त्यांनी फेटाळला. वस्तू खरोखर सापडलेली असूनही पुरावा फेटाळला गेला, याचा अर्थ वाचकांनी नीट लक्षात घ्यावा. निकष कोणी, कोठे आणि कोणाच्या परवानगीने बदलला, हाही तपासाचाच भाग आहे, असे त्या निकालाने सांगितले.

नोव्हेंबर १९७२ मध्ये सदर्न एअरवेजचे एक विमान पळवणाऱ्यांनी ते ओक रिज येथील अणुकेंद्रावर आदळण्याची धमकी दिली. त्यानंतर सरकारचा धीर संपला. ५ जानेवारी १९७३ पासून अमेरिकेतील प्रत्येक विमान प्रवाशाची आणि त्याच्या हातातील सामानाची तपासणी सक्तीची झाली. यात गैरसोय सगळ्यांची होती. पण ती सगळ्यांची सारखीच होती.

परीक्षा कशी घेतात

सगळ्यांची तपासणी सुरू झाली तेव्हा यंत्रे हजारोंनी लागणार हे उघड होते. बाजारात तऱ्हेतऱ्हेची यंत्रे आली, आणि प्रत्येक कंपनी आपलेच यंत्र उत्तम असे सांगू लागली. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या संशोधन संस्थेने १९७४ मध्ये दोन प्रमाणके प्रसिद्ध केली. एक दारासारख्या चौकटीच्या डिटेक्टरसाठी, दुसरे हातातील डिटेक्टरसाठी. २००० मध्ये आणि पुन्हा २००३ मध्ये ती नव्याने लिहिली गेली.

हातातील यंत्राचे तत्त्व सोपे आहे. फळीत तारेचे वेटोळे असते. बॅटरीवर त्यातून सतत दिशा बदलणारा प्रवाह जातो आणि भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात. ते स्वतःचे क्षेत्र निर्माण करतात, यंत्राला तो फरक कळतो आणि ते वाजते. म्हणजे यंत्राला पिस्तूल दिसत नाही, चाकू दिसत नाही. त्याला फक्त धातू कळतो. ज्यात धातू नाही अशी स्फोटके त्याला अजिबात कळत नाहीत. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेले 'गंगा' हे विमान लाहोरला पळवले गेले ते नकली पिस्तूल आणि लाकडी हातबॉम्ब दाखवून. असल्या लाकडापुढे मेटल डिटेक्टर मुकाच राहील.

धातूंतही फरक आहे. लोखंड आणि ॲल्युमिनियम लवकर सापडते. काही जातींचे स्टेनलेस स्टील चुंबकाला चिकटत नाही आणि वीजही बेताचीच वाहू देते. ते हुडकणे कठीण असते. वस्तू आडवी आहे की उभी, यानेही इशारा कमी-जास्त होतो. अंतराचा परिणाम तर फार मोठा. लहान वस्तू वेटोळ्यापासून लांब असेल आणि ते अंतर दुप्पट झाले, तर परत येणारा इशारा सुमारे चौसष्टाव्या हिश्शावर येतो. म्हणून अंगापासून वीतभर लांब धरून घाईघाईने फिरवलेले यंत्र हा केवळ देखावा ठरतो.

हे सगळे ध्यानात घेऊन परीक्षेची रीत ठरली. यंत्राला पिस्तुलाएवढ्या, चाकूएवढ्या आणि हातकडीच्या किल्लीएवढ्या वस्तू शोधायला लावायच्या. त्या वेगवेगळ्या धातूंच्या असाव्यात, वेगवेगळ्या दिशांनी वळवलेल्या असाव्यात, ठरलेल्या अंतरावर आणि ठरलेल्या वेगाने जाव्यात. हे काम माणसाच्या हाताने न करता मोजून हलणाऱ्या यंत्राने करायचे, म्हणजे परीक्षकाची मर्जी मध्ये येत नाही. थंडीत आणि उकाड्यात यंत्र तसेच चालते काय, बॅटरी उतरत आली की ते सांगते काय, पेसमेकर बसवलेल्या माणसाला त्याच्या चुंबकीय क्षेत्राचा त्रास होणार नाही ना, हेही पाहायचे.

येथे गणिताच्या दोन साध्या गोष्टी सांगणे आवश्यक आहे. पहिली अशी. एखाद्या यंत्राने तीस वेळा लपवलेली वस्तू तीसही वेळा शोधली, तर विक्रेता म्हणेल, शंभर टक्के! संख्याशास्त्र तसे म्हणत नाही. ते म्हणते की, तीसच प्रयोगांवरून शंभरात दहापर्यंत वस्तू निसटण्याची शक्यता नाकारता येत नाही. शंभरात एकपर्यंत खाली यायचे असेल तर सुमारे तीनशे प्रयोग एकही चूक न होता पार पडावे लागतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. समजा, एखाद्या उरुसाला दहा हजार माणसे आली. त्यांतील एकाच्या कमरेला हत्यार आहे. यंत्र ते हत्यार नक्की पकडते. पण पट्ट्याचे बक्कल, किल्ल्या, गुडघ्यातील सळई यांमुळे शंभरात पाच वेळा विनाकारणही वाजते. म्हणजे ते ५०१ वेळा वाजेल, आणि त्यांतील ५०० माणसे बेकसूर असतील. चांगल्या यंत्राच्या इशाऱ्याचीही ही हकीकत आहे. इशारा म्हणजे गुन्ह्याचा पुरावा नाही. येथे थांबा आणि नीट पाहा, एवढेच तो सांगतो.

यंत्र खरे बोलले, तरीही

नीट पाहणे म्हणजे काय, याचा धडा ११ सप्टेंबर २००१ च्या सकाळी मिळाला. त्या दिवशी पेंटागॉनवर आदळलेल्या विमानाचे अपहरण करणारे वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळावरून चढले होते. तेथील तपासणीचे चित्रीकरण उपलब्ध आहे. त्यांच्यापैकी काही जण चौकटीतून गेले तेव्हा यंत्र वाजले. दोघांच्या वेळी दुसरी चौकटही वाजली. मग त्यांच्या अंगावरून हातातील डिटेक्टर फिरवण्यात आला आणि त्यांना जाऊ दिले. अमेरिकेच्या चौकशी आयोगाने हे चित्रीकरण जाणकाराला दाखवले. त्याचे म्हणणे पडले की, तपासनिसाने यंत्र कशामुळे वाजले याचा छडा लावायला हवा होता, तो लावला गेला नाही.

त्या काळी चार इंचांहून लहान पात्याचा चाकू विमानात न्यायला नियमानेच मुभा होती, हेही येथे सांगितले पाहिजे. तरीसुद्धा गोष्ट स्पष्ट आहे. यंत्राने आपले काम केले होते. गफलत झाली ती नियमात आणि माणसाच्या कामात. पण पुढची कित्येक वर्षे त्या गफलतीची किंमत मोजली ती जगभरच्या विमानतळांवर नाव वाचून बाजूला उभ्या केलेल्या प्रवाशांनी. यंत्राला नाव वाचता येत नाही. नाव वाचतो तो माणूस.

जादूची कांडी

आता या इतिहासातील सर्वांत काळ्या पानाकडे येऊ. येथे यंत्र मेटल डिटेक्टर नाही; पण तेही हातातच धरायचे, तेही नाक्यावरच वापरायचे. एका मुठीवर फिरती, अँटेनासारखी सळई. बॅटरी नाही, वीज नाही. दारूगोळा, अमली पदार्थ, माणसे, काहीही लांबून शोधते असा विक्रेत्याचा दावा. या जातीचे 'क्वाड्रो ट्रॅकर' नावाचे यंत्र १९९६ मध्येच अमेरिकेतील न्यायालयाने बंद पाडले होते. सरकारी प्रयोगशाळेने ते तपासले होते आणि आत काहीच नव्हते.

तरीही तीच कल्पना नाव बदलून पुन्हा बाजारात आली. जेम्स मॅकॉर्मिक या ब्रिटिश विक्रेत्याचे 'एडीई ६५१' हे यंत्र मूळचे गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याच्या वीस डॉलरच्या खेळण्यावरून घेतलेले. ते इराक सरकारला एकेक नग हजारो डॉलरना विकले गेले. बगदादच्या नाक्यानाक्यावर शिपाई ते हातात धरून गाड्यांभोवती चालू लागले. १९ ऑगस्ट २००९ रोजी परराष्ट्र आणि अर्थ मंत्रालयांसमोर बॉम्बने भरलेले ट्रक फुटले, सुमारे शंभर माणसे मेली. २५ ऑक्टोबरला पुन्हा तसेच झाले, दीडशेहून अधिक मेली. ही स्फोटके ज्या रस्त्यांनी शहरात आली, त्या रस्त्यांवर ही कांडी पहारा देत होती.

जानेवारी २०१० मध्ये बीबीसीने या यंत्रातील 'माहिती साठवणारे' कार्ड केंब्रिज विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत उघडून घेतले. आत दुकानातील कपड्यांना चोरी होऊ नये म्हणून लावतात तसली साधी पट्टी निघाली. ब्रिटनने इराक आणि अफगाणिस्तानला होणारी निर्यात थांबवली. मे २०१३ मध्ये मॅकॉर्मिकला दहा वर्षांची शिक्षा झाली. पण बगदादच्या नाक्यांवर यंत्रे तशीच राहिली. ३ जुलै २०१६ रोजी, रमजानच्या शेवटच्या दिवसांत, कर्रादा भागात ईदच्या खरेदीला मध्यरात्रीपर्यंत गर्दी होती. त्या गर्दीत झालेल्या स्फोटात तीनशेहून अधिक माणसे मेली. तेव्हा कोठे पंतप्रधान हैदर अल् अबादी यांनी ही यंत्रे काढून टाकण्याचा हुकूम दिला.

याच जातीचे 'जीटी २००' थायलंडने घेतले होते. पट्टानी, याला, नराथिवात या दक्षिणेकडील प्रांतांत सैनिक ते घेऊन मलाय मुसलमानांच्या घराघरातून फिरत. सळई ज्याच्याकडे वळली त्याच्यावर शक, आणि अनेकदा कोठडी. मानवी हक्क कार्यकर्त्यांनी ओरड केल्यावर फेब्रुवारी २०१० मध्ये सरकारने चाचणी घेतली. चार खोके, त्यांतील एकात स्फोटक. ते कोठे आहे हे यंत्र चालवणाऱ्यालाही माहीत नाही, परीक्षकालाही नाही. असे वीस प्रयोग झाले. यंत्राने वीसपैकी चार वेळा बरोबर सांगितले. डोळे मिटून बोट ठेवले असते तरी सरासरीने पाच वेळा बरोबर आले असते.

चार खोके आणि वीस प्रयोग, एवढाच या परीक्षेचा खर्च! खरेदीच्या आधी ती घेतली असती तर यंत्र दारातूनच परत गेले असते. बगदादमध्ये ते बॉम्ब असताना गप्प राहिले आणि याला-पट्टानीत बॉम्ब नसताना बोलले. यंत्राला दोन प्रकारे चुकता येते, आणि दोन्ही चुकांची किंमत ना विक्रेत्याने मोजली, ना खरेदीच्या कागदावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने. ती मोजली रस्त्यावरच्या माणसाने.

आपल्या दारात

आपल्या देशात १० सप्टेंबर १९७६ रोजी इंडियन एअरलाइन्सचे विमान लाहोरला पळवले गेल्यानंतर विमान सुरक्षेसाठी स्वतंत्र विभागाची गरज पटली आणि १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षा ब्युरोची सुरुवात झाली. १९८५ च्या 'कनिष्क' दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये तो स्वतंत्र झाला. डिसेंबर १९९९ च्या कंदाहार प्रकरणानंतर २००० पासून विमानतळांची जबाबदारी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे येऊ लागली. विमानतळावरील यंत्रांना म्हणून काही प्रमाणके आहेत, कोणी विचारणारा आहे. शिवाय तेथे झडती सगळ्यांची होते आणि स्त्रियांची पडद्याआड स्त्री शिपाईच घेते. याउलट मॉल, मंगल कार्यालय, मशीद किंवा दर्गा येथील यंत्र कोणीही दुकानातून आणतो आणि कोणाच्याही हातात देतो.

म्हणून आमची ट्रस्टींना आणि कमिटीच्या लोकांना विनंती आहे. यंत्र घेताना विक्रेत्याच्या बोलण्यावर जाऊ नका. ते कोणत्या प्रमाणकाला उतरते हे लेखी मागा. स्टेनलेस स्टीलचा छोटा चाकू एका माणसाच्या कपड्यात लपवायला सांगा. काखेत, पाठीवर, पोटरीला. कोठे लपवला हे यंत्र चालवणाऱ्याला कळू देऊ नका. काही वेळा काहीही न लपवता माणूस पाठवा. किती वेळा सापडले, किती वेळा विनाकारण वाजले, हे वहीत लिहा. रोज फज्रनंतर दार उघडताना त्याच एका तुकड्याने यंत्र पुन्हा तपासा. वाजले की कशामुळे वाजले याचा छडा लागेपर्यंत माणसाला अदबीने थांबवा आणि छडा लागला की त्याच अदबीने सोडा. आणि झडती घ्यायचीच असेल तर ट्रस्टींपासून फकिरापर्यंत सगळ्यांची सारखी घ्या.

आपल्यावर घेतल्या जाणाऱ्या संशयाबद्दल आपण पुष्कळ लिहितो, बोलतो, आणि ते योग्यच आहे. पण संशय मोजून घेण्याची रीत आपल्याला अवगत असली पाहिजे, म्हणजे कोणी न तपासलेले यंत्र किंवा न तपासलेला निकष घेऊन पुढे आला तर त्याच्याकडे परीक्षेचा निकाल मागता येईल. तो मागण्याचा हक्क हात पसरून उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला आहे.